बेदाण्याची सुपारी

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, आणि जळका आहे. जळका म्हणजे आगीतून निघालेला नव्हे. दुसऱ्याचं कौतुक झालं की ज्याच्या पोटात दुखतं, तसला जळका. त्यातून माझं सगळं अंग म्हणजे पोटच, तेव्हा दुखणंही अंगभर. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. म्हणून माझी गोष्ट मीच सांगायला बसलो आहे. दुसरं कुणी सांगू लागलं तर ते नक्की कॉर्नेटपासून सुरुवात करील.

माझा जन्म मिरजेचा. तिथं तंबोरे आणि सतारी घडवणारे नावाजलेले कारागीर आहेत, पण मला त्यांनी घडवलं नाही. त्यांच्याच आळीच्या टोकाला एक साधा माणूस ढोल-ताशे बांधायचा. त्यानं पातळ फळी वाकवून माझं गोल अंग केलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं ताणलं, लोखंडी कड्या आवळल्या आणि मला दुकानाच्या दारात पोत्यावर वाळत ठेवलं. समोरून तंबोरे जायचे. दुलईत गुंडाळून, छातीशी धरून, तान्ह्या बाळासारखे न्यायचे त्यांना. मी पोत्यावरून बघत राहायचो. जळायची सवय मला तिथूनच लागली.

मला विकत घेतलं बाळासोंनी. ते फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखी छोटी पितळी तुतारी, वाजवायचे. पेन्शन घेऊन कराडजवळ मलकापूरला आपल्या गावी आले आणि त्यांनी स्वतःचा ब्रास बँड काढला, ‘वसंतविजय ब्रास बँड’. माझ्या एका तोंडावर त्यांनी पेंटरकडून लाल-पिवळ्या अक्षरांत ते नाव रंगवून घेतलं. नाव ओलं होतं तोवर मला वाटत होतं, आता मीच या बँडचा राजा. नाव वाळलं आणि पहिल्या वरातीला निघालो, तेव्हा कळलं की राजा वेगळाच आहे.

राजा म्हणजे ते कॉर्नेट. हातभर लांबीचं पितळ, पण त्याला आतून मखमल लावलेली पेटी. वरातीत नवऱ्याचा मामा खुशीत आला की नोट काढायचा आणि कॉर्नेटवरून ओवाळायचा. हार कॉर्नेटला, वन्स मोअर कॉर्नेटला. मला पोटावर बांधून चालायचा गुंडा नावाचा धिप्पाड गडी. तो घामाघूम व्हायचा, आणि मी मार खायचो. मी थांबलो तर सगळी वरात चुकल्यासारखी चालायची, पण हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. पाया दिसत नाही आणि कळसाचे फोटो निघतात, असा तो प्रकार होता.

तरी खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. मेढ्याच्या डोंगरातली गावं असोत की कृष्णाकाठची उसाची गावं, वसंतविजय म्हटलं की लोक लग्नाची तारीख मागंपुढं करायचे. खंडेनवमीला बाळासो सगळी वाद्यं ओळीनं मांडायचे. प्रत्येकाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. कुणाचा चुकून मला पाय लागला तर बाळासो त्याला तिथंच थांबवून माझ्या पाया पडायला लावायचे. त्या एका दिवशी मी कॉर्नेटच्या बरोबरीचा असायचो. अर्थात हळदकुंकू आधी त्यालाच लागायचं, ते सोडा.

मग बेंजो पार्ट्या आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्णे आणि बॉक्स बांधायचे, चार पोरं वर बसायची, आणि सिनेमाच्या गाण्यांनी गाव दणाणून सोडायची. आमच्या गणवेशाला आणि शिस्तीला कोण विचारतो? बँडची माणसं एकेक करून गेली. गुंडा अंतर्गळाचं ऑपरेशन करून शेतीला लागला. बाळासोंनी मला सोप्यातल्या खुंटीला टांगलं. कॉर्नेट मात्र पेटीतच राहिलं. रविवारी ते बाहेर निघायचं, पुसलं जायचं, एखादी धून वाजायची आणि पुन्हा मखमलीत. माझ्या अंगावर कोळिष्टकं धरली. माझं नाव कसं शाबूत होतं, अक्षर अन् अक्षर. पण नुसतं नाव घेऊन करायचं काय? मी मुका झालो होतो.

अशात एके दिवशी दीक्षा आली. मलकापुरातल्याच बौद्ध वस्तीतली ती कॉलेजातली मुलगी. लहानपणी वरातीमागं नाचताना मी तिला पाहिलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत म्हणाली, “काका, ह्यो ढोल देता का? आमी बँड काढलाय.”

बाळासोंचे डोळे चमकले. “कसला बँड? लग्नाचा?”

“न्हाई. लग्नाचा न्हाई. आमचं आमी गानी करतो. महेंद्र गातो आन गिटार वाजवतो. सिद्धूचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय, त्यानं ॲम्प्लिफायर जोडलाय. त्याला पंक म्हनत्यात.”

महेंद्र आयटीआयला पुण्याला होता. तिथं कुणाकडं तरी त्यानं परदेशी पोरांची एक कॅसेट ऐकली. त्या पोरांना गाता येत नव्हतं आणि वाजवताही येत नव्हतं म्हणे, पण राग येत होता, आणि तेवढ्यावर त्यांचा बँड चालला होता. महेंद्रला ते फार पटलं. त्यांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं ‘बोंब’.

बाळासोंना यातलं अर्धंअधिक कळलं नाही. पण ढोल उंदरांनी खाण्यापेक्षा वाजलेला बरा, एवढं कळलं. “ने,” ते म्हणाले, “पर दोन गोष्टी ध्यानात ठेव. माझ्या बँडचं नाव पुसायचं न्हाई. आन तुमच्या धिंगाण्यात माझं नाव लोकांना दिसलं न्हाई पायजे.”

मित्रांनो, ही अट नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं महाभारत तिच्यातूनच निघालं.

सिद्धूनं जुन्या शिवणयंत्राचा पायटा काढला, सायकलची चेन लावली आणि चिंध्या गुंडाळलेला एक दांडका त्याला जोडला. मला उभा धरून जमिनीवर टेकवलं. दीक्षा मागं बसणार, पायानं पायटा दाबणार आणि दांडका माझ्यावर आपटणार. हात तिला छोट्या ढोलक्यांसाठी मोकळे. आता लोकांकडं कुठलं तोंड करायचं? नाव दिसता कामा नये. म्हणून त्यांनी नावाचं तोंड आत, दीक्षाकडं फिरवलं, आणि कोऱ्या तोंडावर तैलरंगानं ‘बोंब’ लिहिलं. झालं. बाळासोंची अट पाळली आणि दीक्षाच्या पायाचा प्रत्येक ठोका ‘वसंतविजय’वर पडू लागला.

पहिल्या दिवशी माझ्या तळापासून आग उठली. ज्याला पाय लागला तर पाया पडायचे, त्याला पायानं वाजवणार? पण दुसऱ्याच गाण्याला माझं मत डळमळलं. गुंडा मला वाजवायचा तो कॉर्नेटच्या मागून, अदबीनं. ही पोरगी मला पुढं घालून वाजवायची. गिटार कुरकुरायची, महेंद्रचा आवाज फाटायचा, आणि ते सगळं माझ्या खांद्यावर उभं असायचं. मी थांबलो की सगळं थांबायचं, आणि या वेळी ते सगळ्यांना कळायचं.

तरी माझा स्वभाव जायचा कुठं? लोक बघायचे ते गिटारीकडंच. मिरजेचीच ती, माझ्याच गावची, काल जन्मलेली, आणि तिच्याभोवती पोरांचा घोळका! मी मनातल्या मनात तिच्या तारा तोडायचो.

दीक्षाच्या आजीचं नाव बायडाबाई. ढोल घरात आला त्या दिवशी म्हातारी दारातच आडवी बसली. तिचा सासरा गावच्या प्रत्येक कार्याला वाजवायचा. निरोप आला की जायचं, लांब उभं राहून वाजवायचं, आणि दिलं ते पदरात घ्यायचं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या घरानं ते वाजवणं सोडलं.

“मानासाठी सोडलेलं पुन्ना घरात आनलंस व्हय?” म्हातारी म्हणाली.

“आजी, तवा कुनीतरी वाजीव म्हनायचं म्हनून वाजवायचे. मला कोन सांगतंय?”

बायडाबाई बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग बाजूला सरकली. “मंग एक ऐक. कुनाची सुपारी घ्यायची न्हाई. तुझ्या मनात आलं तर वाजीव, न्हाई आलं तर न्हाई.”

सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं आणि त्याचा विडा-इसार. आमच्या भागात वाजंत्र्याची किंमत सुपारीवरच ठरते. दीक्षानं सुपारी न घेण्याचा शब्द दिला, आणि ‘बोंब’ न बोलावता वाजवू लागली. मलकापूरच्या बाजारात वाजवलं, मेढ्याच्या एस.टी. स्टँडबाहेर वाजवलं, एका जत्रेच्या कडेला वाजवलं. तिथं कुणीतरी जनरेटरच बंद केला, तर महेंद्र तसाच नरड्यानं गात राहिला आणि मी एकटाच त्याच्या साथीला. त्यांचं एक गाणं मला पाठ आहे.

बोलावलं न्हाई, तरी आलो,
बसा म्हनलं न्हाई, तरी बसलो,
ऐकत न्हाई म्हनला, तर मोठ्यानं गायलो!

पुढं फक्त शेवटची ओळच परत परत यायची, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. बाजारातले लोक कानांवर हात ठेवायचे. खरं सांगतो, मला मजा यायची. पण कबूल कुणाजवळ करणार?

तासगावला बेदाण्याचे शेड असतात. जाळ्यांवर द्राक्षं वाळवतात, आणि वाळलेला बेदाणा बायका खाली बसून निवडतात. दिवसभर काडी काढायची, काळा दाणा बाजूला टाकायचा. गंधकाचा वास, चिकट हात आणि दुपारची डुलकी. सिद्धूची मावशी मनुबाई एका शेडवर मुकादम होती. तिच्या ओळखीनं ‘बोंब’ तिथं एकदा दुपारच्या सुट्टीत वाजवून आली. बायका आधी घाबरल्या, मग हसल्या, आणि मग ‘तर मोठ्यानं गायलो’ला सगळ्या शेडनं असा आवाज लावला की वरच्या जाळ्यांतून बेदाणे गळले.

पुढच्या महिन्यात आम्ही तिथं पुन्हा गेलो. आणि त्याच दिवशी बाळासो आले. ढोल पायानं वाजवतात, ही खबर त्यांना कुणीतरी दिली होती. ते एस.टी.नं तासगावला उतरले, शेडच्या मागच्या कोपऱ्याला उभे राहिले आणि त्यांनी बघितलं. दीक्षाचा पाय, पायटा, दांडका आणि दांडक्याखाली स्वतःच्या बँडचं नाव. ‘व’चा रंग उडून गेला होता. ‘स’ निम्मा. त्यांच्या तोंडाचा रंग माझ्या अक्षरांसारखा झाला.

ते पुढं येणार तेवढ्यात गाणं संपलं आणि मनुबाई उठली. पदराच्या गाठीतून तिनं ओंजळभर बेदाणे काढले आणि दीक्षापुढं धरले.

“मागल्या खेपेला तुमी गेला आन ह्या बायांनी माझा जीव खाल्ला. त्या पोरीला परत बोलाव म्हनून. तवा मी सिद्धूला नुसता भेटायला या म्हनून निरोप धाडला. घे, ही आमची सुपारी समज.”

दीक्षानं मान हलवली. “मावशी, मी सुपारी घेत न्हाई.”

“मंग खाऊन टाक की!”

आणि दीक्षानं हसत ते बेदाणे तोंडात टाकले. महेंद्र आणि सिद्धू तेव्हा वायरी गुंडाळत होते, त्यांनी काही ऐकलं नाही. ऐकलं ते दीक्षानं, मी आणि कोपऱ्यावरच्या बाळासोंनी. मला वाटलं आता ते येऊन मला उचलून नेतील. पण ते तिथंच उभे राहिले. मग वळले आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले. त्यांच्या पाठीकडं बघून मला वाटलं, ही पाठ मी ओळखतो. ही रागावलेल्या माणसाची पाठ नाही, ही माझ्यासारख्याची पाठ आहे.

यानंतर वर्षभरानं वीरधवल सरांच्या कोशाचं काम निघालं. सर कराडच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी ठरवलं, कृष्णा-वारणाकाठच्या सगळ्या वाजवणाऱ्यांचा एक कोश करायचा. शाहीर, सनईवाले, लेझीमवाले, बँडवाले, सगळ्यांच्या नोंदी. छपाई नानासोंच्या छापखान्यात. पण नोंद कुणाची घ्यायची आणि कुणाची नाही, याला काही कसोटी हवी. नाहीतर दोन जिल्ह्यांत पातेलं बडवणारा प्रत्येक जण दारात उभा राहील. सरांनी कसोटी काढली ती अशी: ज्याला एकदा ऐकल्यावर लोकांनी दुसऱ्यांदा बोलावलं, त्याची नोंद. “पहिलं बोलावणं ओळखीनं येतं, भिडेनं येतं,” सर म्हणायचे, “दुसरं बोलावणं फक्त ऐकल्यामुळं येतं.”

या कसोटीला वसंतविजय हसतहसत उतरला. सर बाळासोंकडं आले, कॉर्नेट पाहिलं, एक धून ऐकली आणि आठ ओळींची नोंद तिथंच वाचून दाखवली. तीन ओळी कॉर्नेटवर. दीड ओळ कॉर्नेट सनईसारखं वाजवायच्या ढंगावर. शेवटी ‘व इतर वाद्ये’. मित्रांनो, इतर वाद्ये म्हणजे मी! हे मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या.

सरांनी जाता जाता विचारलं, “आणि मोठा ढोल?”

तिथं बाळासोंना राहवलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. “कुठला ढोल सर! पोरांनी नेलाय. पायानं वाजवत्यात, पायानं!”

“पायानं? कोण?” सरांनी पुन्हा चष्मा लावला. तक्रार करायला गेलेल्या बाळासोंनीच ‘बोंब’चं नाव सरांच्या कानात घातलं. पुढच्या आठवड्यात सरांनी तिघा पोरांना वाद्यांसह वाचनालयाच्या सभागृहात बोलावलं. ऐकायला नानासो, आणि जाणकार म्हणून बाळासो.

पोरांनी ते एकच गाणं वाजवलं. शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले दोघे तिघे दारात येऊन ओरडून गेले. गाणं संपल्यावर सरांनी विचारलं, “महेंद्र, हे गाणं आहे की भांडण?”

“दोनी हाय सर.”

सर हसले. मला वाटतं, त्यांना ते आवडलं होतं. पण कसोटी ती कसोटी. “तुम्हाला कुणी दुसऱ्यांदा बोलावलंय का?”

महेंद्रनं दीक्षाकडं पाहिलं. दीक्षा ताठ बसून म्हणाली, “आमी सुपारी घेतच न्हाई सर.”

आजीला दिलेला शब्द तिच्यासाठी एवढा मोठा होता की बोलावणं म्हणजे सुपारी आणि सुपारी म्हणजे नको, एवढंच तिच्या डोक्यात. ओंजळभर बेदाणे तर तिनं खाऊन टाकले होते. ते सांगायची गोष्ट आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. महेंद्र मात्र पडलेल्या चेहऱ्यानं बसला होता. पुण्याच्या कारखान्यात त्याला काम लागलं होतं, आता बँड संपणार हे त्यांना ठाऊक होतं. आपण होतो, एवढं कुठंतरी लिहिलेलं राहावं, इतकीच त्या पोराची इच्छा होती.

सर बाळासोंकडं वळले. “बाळासो, तुमचा सगळ्या गावांत वावर. यांना कुणी परत बोलावल्याचं तुमच्या कानावर आहे?”

सभागृहात पंखा कुरकुरत होता. बाळासोंनी माझ्याकडं पाहिलं. ते दीक्षाच्या मागच्या बाकावर होते, म्हणून माझं नावाचं तोंड त्यांच्या बाजूला होतं. उडालेला ‘व’ आणि निम्मा ‘स’.

“न्हाई,” ते म्हणाले.

आणि मला आनंद झाला. हो, झाला! वसंतविजयच्या नोंदीत मी इतरांत, मग त्या गिटारीला तरी नोंद का मिळावी? कुणालाच नको. मी मनात टिऱ्या बडवल्या. पण परतीच्या वाटेवर, टेम्पोत, मला काहीतरी विचित्र वाटू लागलं. माझं कातडं ढिलं पडलं होतं. हवा कोरडी होती, ढिलं पडायचं काही कारण नव्हतं. त्या शेडमधला आवाज मी ऐकला होता, जाळ्यांतून गळलेले बेदाणे माझ्या अंगावर पडले होते. मला तोंडं दोन, पण कुणी वाजवल्याशिवाय एकातूनही बोलता येत नाही. ज्याला बोलता येत होतं, तो ‘न्हाई’ म्हणाला होता.

महेंद्र पुण्याला गेला. सिद्धू दुकानात रमला. एका सकाळी दीक्षा मला घेऊन बाळासोंच्या दारी आली.

“काका, ढोल घ्या तुमचा.”

तिनं पायटा सोडवून बाजूला ठेवला. मग रॉकेलची बाटली काढली, फडकं भिजवलं आणि मला फिरवून ‘बोंब’ पुसायला लागली. ‘ब’चा काना गेला. बाळासो ओट्यावरून बघत होते.

“ते कशाला पुसतीस?”

“तुमचा ढोल जसा हुता तसा द्यायला नको? तुमचं नाव मात्र माझ्या पायानं झिजलं काका. ते मला परत रंगवता येत न्हाई. पेंटरला सांगू का?”

ती आणखी काही बोलली नाही. नोंदीचं नाही, सभागृहाचं नाही. फडकं फिरवत राहिली. त्या शेडमध्ये बाळासोंना तिनं पाहिलंच नव्हतं, म्हणून तिच्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं. आणि तेच बाळासोंना सोसवेना. ते उठले आणि त्यांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

“ऱ्हाऊ दे, पोरी. ऱ्हाऊ दे ते.”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. चार दिवसांनी सर आणि नानासो कॅमेरा घेऊन आले. वसंतविजयच्या नोंदीसोबत वाद्यांचा फोटो छापायचा होता. बाळासोंनी चहा दिला, कॉर्नेट पेटीतून काढून मांडलं, आणि मग उभ्याउभ्याच बोलले.

“सर, त्या पोरांना दुसऱ्यांदा बोलावलं हुतं. तासगावला, बेदान्याच्या शेडात. माझ्या कानानं ऐकलंय.”

सरांनी कप खाली ठेवला. “मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“जळलो, सर.”

इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळलो, त्या कॉर्नेटचा मालक हे म्हणत होता. मी कान टवकारले. ढोलाला कान नसतात, पण टवकारले.

“आवं, मला हजार ठिकानी बोलावलं असंल. पर लगीन हाय म्हनून बोलावलं. वरात पोचली की बास करा म्हनायचे. नुसतं ऐकायला म्हनून मला कुनी कवा बोलावलं न्हाई. ह्या पोरीला बोलावलं. कामाच्या बायांनी, सोताच्या सुट्टीत, नुसतं ऐकायला! तवा माझ्या पोटात जे दुकलं ते दुकलं. पायाचं नुसतं निमित्त हुतं.”

नानासो छापखानेवाले, त्यांना पानांची चिंता. ते म्हणाले, “आवं, पर शेडातल्या बाया म्हंजी गाव व्हय? आन सुपारी काय दिली त्यांनी?”

“ओंजळभर बेदाने.”

“बेदाने म्हंजी सुपारी व्हय?”

“गाव म्हंजी काय नुसता चावडीचा कट्टा व्हय रं नानासो?” बाळासो उसळले. “आख्खी सुट्टी त्या गोंगाटात बसून ज्यांचं डोकं दुकायला पायजे, त्याच बाया परत या म्हनत्यात. आनी काय पायजे तुमाला?”

सरांनी कागद मागवला आणि तिथंच नोंद लिहिली. मी ती ऐकली. ‘बोंब, मलकापूर. सुपारी न घेणारा वाद्यवृंद. गाणे, गिटार व पायाने वाजवलेला मोठा ढोल. तासगावच्या बेदाणा निवडणाऱ्या स्त्रियांनी केवळ ऐकण्यासाठी यांना पुन्हा बोलावले.’

ऐकलंत मित्रांनो? ‘मोठा ढोल’! आठ ओळींच्या नोंदीत मी इतरांत होतो, आणि या चार वाक्यांत माझं नाव आहे. मी हळूच कॉर्नेटकडं पाहिलं. त्याची चकाकी जरा उतरल्यासारखी वाटली. आता जळायची पाळी त्याची.

फोटोची वेळ आली तेव्हा नानासो म्हणाले, झिजलेलं नाव बरं दिसणार नाही, पेंटरकडून रंगवून घेऊ. बाळासोंनी ऐकलं नाही. त्यांनी नावाचं तोंडच पुढं केलं. त्यावर दांडक्यानं पडलेला गोल काळपट डाग होता, ‘व’ आणि ‘स’ गिळून बसलेला. “हाय तसा काढा,” ते म्हणाले, “त्या डागासकट.” कोशात आजही वसंतविजयच्या पानावर तो फोटो आहे, आणि त्यातला डाग ‘बोंब’चा आहे.

कोश छापून आल्यावर दीक्षा तो घेऊन आजीकडं गेली, हे तिनंच नंतर बाळासोंना सांगितलं. बायडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सांगितलं म्हनून वाजवलं, असं लिवलंय का त्यात?”

“न्हाई आजी. ऐकायला परत बोलावलं, असं लिवलंय.”

“मंग चालतंय.”

त्या वर्षीच्या खंडेनवमीला बाळासोंनी वाद्यं मांडली आणि दीक्षाला बोलावणं धाडलं. “ही सुपारी न्हाई बरं का,” असा निरोपही सोबत होता. ती आली. बाळासोंनी कॉर्नेटला हळदकुंकू लावलं, मला लावलं. मग कोपऱ्यातून तो शिवणयंत्राचा पायटा आणला, ओळीत माझ्या शेजारी ठेवला आणि त्यालाही लावलं. नारळ फोडला. पायटा स्वतःच्या हातानं मला जोडला. वाकून माझ्या पाया पडले. आणि मग स्टुलावर बसून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी पायटा दाबला.

ठोका चुकला. दीक्षा खळखळून हसली. “काका, अजून जरा जोरात!”

मित्रांनो, मी अजून जळका आहे. परवा दारावरून एक बेंजो पार्टी गेली तर मला रात्रभर चैन नव्हतं. स्वभावाला औषध नाही. पण एवढं मात्र तुम्हाला कळवळून सांगतो. दुसऱ्याचं चांगलं तुमच्या कानावर पडलं, तर पोटात दुखलं तरी चालेल, पण तोंडानं सांगा. आम्हा वाद्यांना सांगता येत नाही. आणि तुमच्या घरी आमच्यापैकी कुणी खुंटीला टांगलेलं असेल, तर त्याला खाली काढा. हातानं वाजवा, पायानं वाजवा, नाव झिजलं तर झिजू द्या. कोरं करकरीत नाव घेऊन मी खुंटीवर पुष्कळ वर्षं लटकलो आहे. त्या सगळ्या वर्षांत मला ऐकायला कुणी एकदाही आलं नाही.